पालथं पातेलं

गव्हाण
२० फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सुनीताचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज वाचायचा तुम्ही आळस करता, म्हणून ही चिठ्ठी ह्यांच्या डब्याच्या पिशवीत घालते आहे. हे रोज पनवेलला कामाला येतात ते तुमच्या दारावरूनच जातात. उत्तर त्यांच्याच हाती द्या.

दिवाळीपासून आमच्या गावांत एक ॲप फिरतं आहे. नाव ‘धवला’. ते फोनातल्या ॲपच्या दुकानातून उतरवायचं नाही, एकीने दुसरीला फाईल पाठवायची, तिने ती दाबली की फोनात बसतं. मी आठवड्यापूर्वी उघडलं आणि खाली बसले. आत आईचा आवाज आहे. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत, हळदीपासून लग्न लागेपर्यंत, आई लग्नघरात जे धवले म्हणायची ते अकराच्या अकरा. बारावा पाठवणीचा. त्याचं नाव यादीत आहे, पण दाबलं की ‘हा इथे नाही’ एवढंच येतं.

आता माझी अडचण सांगते. शेजारच्या किशोरीचं लग्न अक्षय तृतीयेला आहे. घरच्यांना डीजे हवा होता. पोरीने हट्ट धरला की धवलारीण हवी, आणि सुनीतामावशीच हवी. आईला जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून आपल्या गावात मांडवात धवला झालेला नाही. मी हो म्हणून बसले. अकरा मला येतात, लहानपणापासून कानावर आहेत. बारावा येत नाही. आईचा नियम तुम्हाला माहीत आहे. पाठवणीचा धवला घरात म्हणायचा नाही, शिकवायचाही नाही. दुसऱ्याच्या मांडवात उभं राहून ऐकायचा आणि उचलायचा. आणि मला आईबरोबर लग्नांना जायची लाज वाटायची. अंगणवाडीची बाई मी, धवलारणीच्या मागे कशी फिरणार.

ज्याने हे ॲप केलं त्याच्याकडे बारावा असणार. प्रत्येकीला विचारलं, ती म्हणते मला हिने पाठवलं. तुम्ही जन्मभर लोकांचे रेडिओ उघडलेत. ही फाईल उघडून करणाऱ्याचं नाव सांगता येईल का? मेमरी कार्डात घालून सोबत चिकटवली आहे.

तुमची,
सुनीता

*

कोळीवाडा, पनवेल
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुनीतास,
अनेक आशीर्वाद.

कुमाररावांनी चिठ्ठी पोचवली. कार्डाला चिकटपट्टी एवढी लावलीस की ते सोडवताना मुंगीचा दात काढतोय असं वाटलं. पण निघालं.

बाय, चिंता सोड. बंद डबा उघडणं हे माझं पन्नास वर्षांचं काम. रेडिओ कोणी शिकवला नव्हता, कॉम्प्युटरही कोणी शिकवला नाही. ज्याने केलं त्यानेही स्क्रू कुठेतरी ठेवलेलाच असतो, एवढं धरून चाललं की झालं.

अशी फाईल म्हणजे एक बोचकं असतं. नावाच्या शेवटची तीन अक्षरं बदलून तिथे ‘झिप’ लिहिलं की गाठ सुटते. आत गाणी वेगळी, चित्रं वेगळी, यंत्राला द्यायच्या सूचना वेगळ्या. पहिली गंमत सूचनांच्या कागदावर. तिथे प्रत्येक ॲपला स्वतःचं एक अंतर्गत नाव द्यावं लागतं. या माणसाने ते दिलेलंच नाही. शिकवणीच्या पुस्तकात उदाहरणादाखल जे नाव असतं, ‘अ. ब. क.’ असावं तसं, तेच जसंच्या तसं राहिलंय. म्हणजे ही कंपनीबिंपनी नव्हे. कोणीतरी पहिल्यांदाच केलेला स्वयंपाक आहे.

गाण्यांच्या फाईलींना गावांची नावं आहेत. हळद बेलपाडा, मांडव गव्हाण, अशी. आणि ॲपचं चित्र तू पाहिलंसच असशील, एक पालथं पातेलं. मला त्याचा अर्थ लागला नाही.

आता मुद्द्याचं. करणाऱ्याने सही केल्याशिवाय फोन अशी फाईल घेतच नाही. ती सही वाचायला कीटूल नावाचं अवजार आहे, ते चालवलं. सहीत नाव, संस्था, गाव, तारीख अशा जागा असतात. संस्थेची जागा रिकामी. गाव आपटा. तारीख गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली. आणि नाव भामा.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भामाच. माझी बहीण गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसात, आणि सही करते पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात.

एक सांगून ठेवतो. ही सही ज्याची त्याने आपल्या हाताने केलेली असते, खरंखोटं कोणी तपासत नाही. पण त्या जागेत माणूस काय लिहितो त्यावरून माणूस कळतो. तुला काही सुचतं का?

गाणी मी लावली नाहीत. माझ्या काय कामाची? पडद्यावर आवाजाच्या रेघा बघितल्या, वरखाली होणाऱ्या. भामी श्वास कुठे घेते ते रेघेत दिसलं. पूर्वी बंद पडलेल्या रेडिओचा स्पीकर जिवंत आहे का ते मी स्क्रूड्रायव्हर त्याला टेकवून दुसरं टोक दातात धरून, हाडातून आवाज येतो का त्यावरून बघायचो. तसंही केलं नाही.

तुझा मामा,
कमळाकर

*

गव्हाण
१ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी रडू आलं आणि मग राग. आईकडे बटणांचा फोन होता, तोही ती पानाच्या डब्यात ठेवायची. तिच्या नावाने सही करायचा हक्क कोणाला कोणी दिला?

त्या पातेल्याचं मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं. मांडवात पालथं भांडं कोणी ठेवत नाही, अशुभ मानतात. आई धवला थांबवून उठायची, भांडं सुलटं करायची आणि मग पुढची ओळ घ्यायची. त्याच आईच्या गाण्यांवर पालथं पातेलं. हे आपल्यातल्या कोणाचं काम नाही. एक तर अडाणीपणा आहे, नाहीतर कोणी मुद्दाम केलंय.

आपट्याला आपलं कोण आहे? मला तर कोणीच आठवत नाही. दिवस भराभर जात आहेत. किशोरीची आई रोज विचारते, तुझा बारावा झाला का. मी म्हणते, होतोय.

सुनीता

*

कोळीवाडा, पनवेल
५ मार्च २०२५

चि. सौ. सुनीतास,
आशीर्वाद.

सापडला. शितावरून भाताची परीक्षा.

गाव आपटा. गाणी वेगवेगळ्या गावच्या लग्नांतली. म्हणजे असा माणूस, जो आपट्यात राहतो आणि गव्हाणपासून बेलपाड्यापर्यंत लग्नं करत हिंडतो, हातात यंत्र घेऊन. तो केतन. आपट्याच्या नाक्यावर व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे त्याचं. माझ्याकडे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचा, गोड बोलायचा. त्याच्या गल्ल्यात सगळ्या लग्नांचे आवाज पडलेले असणार. बसल्या बसल्या ॲप केलं, आणि स्वतःचं नाव घालायची हिंमत झाली नाही म्हणून भामीचं घातलं. पातेलंही त्याचंच. त्याला काय कळतंय सुलटं आणि पालथं.

मी पैजेवर सांगतो. शिमगा झाला की सरळ जा आणि माग. नाही म्हणाला तर सांग, कमळाकरमामांनी फाईल उघडून बघितली आहे.

तुझा मामा,
कमळाकर

*

गव्हाण
१७ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

काल जाऊन आले. मामा, पैज हरलात.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोरच त्याला म्हटलं की आईचा आवाज चोरलास आणि वर तिच्या नावाने सही केलीस. तो रागावला नाही. गिऱ्हाइकांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला, “मावशी, तुमच्या आईचा आवाज माझ्या व्हिडिओत नसतोच. मी तो बंद करून वर सिनेमाची गाणी टाकतो. लोकांनाच तसं हवं असतं. चोरायला काही ठेवलंच नाही मी.”

यापेक्षा त्याने चोरलं असतं तर बरं वाटलं असतं.

निघताना तो एक गोष्ट म्हणाला. त्याने ॲपमधलं एक गाणं त्याच्या मोठ्या हेडफोनवर ऐकलं होतं. म्हणाला, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये जनरेटर घरघरतो, ह्यात भांडी वाजतायत. नीट ऐका.

रात्रीची वाट न बघता एसटीतच कानात घालून ऐकत आले. खरंच आहे. अकराही धवल्यांत आई जरा लांब आहे आणि भांडी अगदी जवळ. लग्नघर म्हटलं की भांडी वाजणारच, म्हणून मी इतके दिवस ते कानाआड केलं. पण बेलपाड्याच्या हळदीत आई मध्ये दमून थांबते. तिथे भांड्यांचा आवाजही थांबतो. ती पुन्हा उचलते तेव्हा तोही सुरू होतो, तिच्याच ठेक्यावर. याचा अर्थ मला कळत नाही. उगाच जीवाला काहीतरी लागलंय.

तुम्ही केतनला एक चिठ्ठी लिहा. माफीची. मी तोंडी मागितली आहे, पण पैज तुमची होती.

सुनीता

*

कोळीवाडा, पनवेल
१९ मार्च २०२५

चि. सौ. सुनीतास,
आशीर्वाद.

केतनला चिठ्ठी लिहिली आणि त्याचा ॲम्प्लिफायर पुढच्या वेळी फुकट बघून देईन असं कबूल केलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि या वयात माझ्या गुडघ्याला आधीच काय कमी आहे.

पण तुझ्या पत्राने माझ्या डोक्यातला दिवा लागला. तू ऐकलंस, मी वाचलं, आणि आपण दोघांनी आपापलं अर्धंच धरून ठेवलं होतं.

मांडवात पालथं भांडं कोणी ठेवत नाही, हे तुझं सोळा आणे खरं. पण मांडवाच्या मागे? पाण्याच्या पिंपाजवळ? तिथे घासलेली पातेली निथळायला कशी ठेवतात? पालथीच ना? तुला-मला पातेलं आठवतं ते भाताने भरलेलं, तोंड वर केलेलं. घासणाऱ्याला ते आठवतं पालथं, कारण त्याच्या हातातून ते उजळून तसंच उतरतं. ज्याने ते चित्र काढलं त्याने आपलंच काम काढलंय.

आता सही. माझ्या फळीवर एक पितळी पातेलं आहे, तुझ्या आजीच्या वेळचं. त्याच्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. ते पाहून कोणी म्हणतं का की मेलेल्या माणसाने येऊन पातेलं दिलं? नाव ज्याची आठवण ठेवायची त्याचं. देणारा वेगळा. मी यंत्राची सही यंत्रासारखी वाचली, तिथे चुकलो. ती भांड्यावरच्या नावासारखी वाचायची होती. भामीच्या नावाने कोणी चोरी केलेली नाही, बाय. भामीच्या नावाने कोणीतरी पातेलं दिलंय.

तेव्हा एवढंच आठव. भामी जायची त्या लग्नांत भांडी कोण घासायचं?

तुझा मामा,
कमळाकर

*

गव्हाण
३ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तुमचा प्रश्न वाचला आणि पाणी प्यायला उठले ती हंड्याजवळच उभी राहिले. साळू. आपट्याच्या पलीकडच्या कातकरी वाडीतली. आई धवल्याचं आमंत्रण घेताना यजमानाला सांगायची, भांड्यांना माझी साळू येईल. दोघी एकाच रिक्षाने जायच्या. मी हे शेकडो वेळा ऐकलंय. आईच्या दिवसांना ती दारात उभी होती, आणि मी तिला विचारलं होतं, आज भांड्यांना थांबशील ना. एवढंच आमचं बोलणं.

गेल्या आठवड्यात वाडीवर गेले. साळूचा नवरा बुधा वीटभट्टीवर कामाला गेला होता. दारात साळू आणि तिची मुलगी मनिषा, पनवेलच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते ती. मी काही बोलायच्या आधीच साळू म्हणाली, “केतनच्या दुकानात आलेली समजलं. मनात म्हटलं, आता हितं येल.”

मी विचारलं, इतकी वर्षं हे रेकॉर्डिंग करत होतीस, आईला माहीत होतं का. ती हसली. मनिषाने पहिला साधा टचफोन आणला, तो ती पिशवीत घालून पिंपाच्या नळाला अडकवायची. आईने दुसऱ्याच लग्नात पकडलं. “भामाबाय म्हनली, साळू, मोठ्यानं नको घासू, माजा आवाज दबल. मंग मी तिच्या ठेक्यावर घासाया लागली. ती दमली का मी बी थांबायची.”

मी म्हटलं, मला कधी दिसलं नाही हे. साळू म्हणाली, “बाय, कसं दिसल? तुमी कंदी पिंपाकडं आलाच नाय.” हे तिने टोमण्यासारखं म्हटलं नाही. म्हणूनच लागलं.

आई गेल्यावर मनिषाने कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून ॲप केलं. पहिलंच. साळूने सांगितलं आणि तिने चित्र काढलं. मी मनिषाला विचारलं, मग आईचं नाव का, तुझं का नाही. ती पोर ताठ मानेची आहे मामा, डोळ्यांत बघून बोलते. म्हणाली, “आमचं नाव घातलं असतं तर तुमच्या बायकांनी फोनात घेतलं असतं?”

मला उत्तर माहीत होतं.

मग बाराव्याचं विचारलं. त्याचं रेकॉर्डिंगच नाही. पाठवणीला सगळ्यांनी हात रिकामे करून उभं राहायचं, हा आईचा नियम, तेव्हा साळू घासणं सोडायची आणि फोनही बंद करायची. वर आईने तिला बजावलं होतं की फोन कोणाच्याही घरात वाजतो, त्यात पाठवणी नको. मनिषाने यादीत नाव तेवढं ठेवलं, धवले अकराच असतात असं कोणाला वाटू नये म्हणून. मी आईची मुलगी असून तिचा नियम मोडायला निघाले होते आणि साळू तो पाळत बसली होती.

मी उठायला लागले. वाटलं, संपलं. तर साळू म्हणाली, “फोनात नाय. माज्यात हाय. बारा वर्सं उभी राहून ऐकलाय. शिकवीन, पन घरात नाय.”

आता एक दिवसाआड दुपारी पाताळगंगेच्या काठी जाते. अंगणवाडी सुटली की. साळू आधी हात धुते, मग म्हणते. चार कडवी झाली आहेत.

एक सांगायचं राहिलं. मी मनिषाला म्हटलं, सहीत तुमची नावं घाल. साळू मोडता घालते आहे. भामाबायचं नाव काढायचं नाय, म्हणते. तुम्हीच काय ते लिहा. मनिषा तुमचं पत्र तिला वाचून दाखवेल.

सुनीता

*

कोळीवाडा, पनवेल
७ एप्रिल २०२५

चि. सौ. सुनीतास, आणि साळूस व मनिषास,
आशीर्वाद.

साळू, तुला आणि मला भामीने सारखंच कामाला लावलं, तेव्हा तू माझी धाकटी बहीण झालीस. थोरल्याचं ऐकायचं असतं.

माझ्या फळीवरचं ते पितळी पातेलं मी आज खाली काढून नीट बघितलं. नाव दोन ओळींत आहे. वरच्या ओळीत कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. खालच्या ओळीत तमुक यांजकडून. भांडं देताना दोन्ही ओळी घालायची रीत आहे. खालची ओळ वगळली तर लोक म्हणतील, भांडं आपोआप उगवलं. तुमच्या पातेल्यावर खालची ओळ राहिली आहे एवढंच. भामीचं नाव पुसायचं कोणी म्हणत नाही.

मनिषा, सहीत संस्थेची जागा रिकामी आहे. भामीला तिथे बसव, ती एक संस्थाच होती. नावाच्या जागेत करणाऱ्यांचं नाव.

तू म्हणशील, आजोबा, सही बदलली तर फोन नवी फाईल जुनीवर चढू देत नाही, जुनं ॲप काढूनच टाकावं लागतं. ते मला ठाऊक आहे. काढू देत. भांड्याला कल्हई करायची तर आधी जुनं खरवडावं लागतं. गावोगावच्या प्रत्येक बाईने स्वतःच्या बोटाने जुनं काढावं, नवं घ्यावं आणि घेताना नाव वाचावं. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांचं त्यांना देऊ दे. सुनीताने एकटीने का द्यावं?

सुनीता, तुला एकच. लग्नाला मी येणार आहे. साळू त्या दिवशी पिंपाजवळ बसलेली दिसली तर मी तसाच मागे फिरेन.

तुम्हा सर्वांचा,
कमळाकर

*

गव्हाण
४ मे २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

तुम्ही मांडवात पहिल्या रांगेत होतात. सगळं दिसलं, पण काय बोललं गेलं ते तुमच्या कानी पडलं नाही, म्हणून लिहिते.

मी साळूला घेऊन आत आले तेव्हा नवऱ्याकडची एक आत्या मोठ्याने म्हणाली, भांड्यांवाली इकडे कशाला. मी तोंड उघडणार, एवढ्यात किशोरी हळदीच्या अंगाने उठली. मुंडावळ्या सावरत स्वतः चटई झटकली आणि म्हणाली, “आत्या, धवलारणी दोन हायत. चटई मोठी लागंल.” तिच्या सासूने मुकाट्याने दुसरी चटई आणून दिली. तुम्ही तेव्हा मान डोलवत होतात, तुम्हाला वाटलं असेल धवला सुरू झाला.

अकरा नीट पार पडले. बाराव्याला मी उभी राहिले, हात रिकामे करून. तिसऱ्या कडव्यात सासरच्या उंबरठ्याचं नाव येतं. तिथे किशोरीच्या आईने हुंदका दिला आणि माझा गळा बंद झाला. दोन क्षण. तेवढ्यात साळूने खालून उचललं, आईच्याच पट्टीत. चौथं कडवं आम्ही दोघींनी मिळून म्हटलं. तुम्ही डोळे पुसलेत ते त्याच वेळी. तुम्हाला कसं कळलं?

ह्यांना पँट गुडघ्यापर्यंत चढवून पिंपाजवळ पातेली घासताना बघून तुम्ही हसत होतात. ते अजून विचारतात, मामांनी माझा फोटो काढला का. हो म्हणू?

त्याच आत्या निघताना मनिषाकडे आल्या. जुनं ॲप फोनातून कसं काढायचं ते विचारत होत्या. आता नवं गावांत फिरू लागलंय. चित्र बदलतेस का म्हणून मी मनिषाला विचारलं. ती म्हणाली, पालथंच राहू दे. मीही म्हटलं, राहू दे.

पुढच्या महिन्यात बेलपाड्याचं आमंत्रण आहे. दोघींना.

नवी फाईल कार्डात घालून चिकटवली आहे. चिकटपट्टी कमीच लावली.

सुनीता

*

कोळीवाडा, पनवेल
९ मे २०२५

चि. सौ. सुनीतास,
अनेक आशीर्वाद.

कुमाररावांचा फोटो काढलाय आणि मोठा करून दुकानात लावणार आहे. जावई असा घासावा लागतो.

तू विचारलंस, मला कसं कळलं. तुझा गळा अडला तेव्हा सगळ्या बायकांच्या माना तुझ्याकडे होत्या. मग एकदम त्या साळूकडे वळल्या, आणि कोणाचीच मान परत फिरली नाही. त्यावरून कळलं.

फाईल उघडली. कीटूल चालवलं. जे आलं ते खाली उतरवून काढतो, माझ्या अक्षरात, म्हणजे कागदावरही राहील.

नाव: साळू आणि मनिषा
संस्था: भामा
गाव: आपटा

हे तीनदा वाचलं, चष्मा न पुसता.

मग एक काम केलं, जे फेब्रुवारीपासून टाळत होतो. माझा जुना स्क्रूड्रायव्हर घेतला, लाकडी मुठीचा. टोक फोनच्या स्पीकरला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि बेलपाड्याची हळद लावली. इतके दिवस केलं नाही, कारण काहीच आलं नसतं तर मग मी कुठे गेलो असतो?

पण आलं. दाढेत, मग कवटीत. आधी पातेलं वाजलं. मग भामी.

तुझा मामा,
कमळाकर